घोडकाठची गोल घरं

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. लहानपणी इनामगावला लग्नाकार्याला गेलो की आजी नदीकडच्या पांढरीच्या टेकाडाकडे बोट दाखवायची. "पुण्याची माणसं यायची. हातात कुंचले. दिवस दिवस माती झाडत बसायची."

ते डेक्कन कॉलेजचं उत्खनन. १९६८ पासून पंधराएक वर्षं सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांच्या पथकानं तिथं एक गावच्या गाव उघडं केलं. इ.स.पू. १६०० ते ७००, म्हणजे नऊशे वर्षं नांदलेलं. सव्वाशेहून जास्त घरं सापडली.

भरभराटीचा काळ इ.स.पू. १४०० ते १००० चा. चौकोनी, ऐसपैस घरं. त्यांत एक पाच खोल्यांचं, पाटलाचा वाडाच म्हणा, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. कुंभार, सोनार, चुना भाजणारे होते. मुख्य पीक जवाचं. घोडेचा पूर वळवून घ्यायला त्यांनी पाट खणला, कडेनं दगडमातीचा बांध घातला. आमच्या भागात पाऊस किती लहरी ते मी लहानपणापासून पाहिलंय, म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाटाचं मला फार मोल वाटतं. मडकी लाल, वर काळी नक्षी, आणि भाजणी अशी की टिचकी मारली तर खणखणावीत. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी अशी भांडी मिळाली, म्हणून या लोकांना नाव पडलं जोर्वे संस्कृतीचं.

इ.स.पू. १००० च्या सुमारास प्रवरेकाठी दायमाबाद, नेवासे ही गावं उठली. पाऊस आटत गेला, असं ढवळीकरांनी मांडलं. इनामगाव मात्र उठलं नाही. चौकोनी घरं गेली, गोल झोपड्या आल्या, तीन-चार मिळून एकेक कुटुंब. भांड्यांवरची नक्षी गेली. शिकार वाढली, शेळ्यामेंढ्यांवर भिस्त आली. त्या काळातल्या लहान मुलांच्या हाडांचा पुढे अभ्यास झाला, तर त्यांची वाढ खुंटलेली दिसली. अशी तीनशे वर्षं त्यांनी काढली. लोक याला ऱ्हास म्हणतात. मला तो शब्द त्यांच्यासाठी वापरवत नाही.

तान्हं मूल गेलं की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यात मूल, आणि ते राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायचं. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालची पावलं तोडायचे. यावर तर्क बरेच आहेत. माझ्या मनात येतं ते इतकंच, की आपलं माणूस घर सोडून जाऊ नये असं त्यांना वाटत असणार. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात मी त्या कुंभांपुढे खूप वेळ उभी होते.

उत्खननाच्या त्याच वर्षांत १९७२ चा दुष्काळ पडला. आजीनं खडी फोडली, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या. निम्मी आळी मुंबईला गेली. आपण का नाही गेलो, असं मी तिला एकदा विचारलं होतं.

"तुझा धाकला चुलता सहा महिन्यांचा होऊन गेला. परसात पुरलाय त्याला. त्याला टाकून कुठं जायचं, पोरी?"