वाकावं किती आणि कुणासमोर

नागोयात राहायला येऊन मला यंदा आठ वर्षं झाली. इथे नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींचे निरोप येत असतात आणि त्यांत एक प्रश्न हमखास असतो: जपानी माणसांशी वागताना काय चुकू नये? बहुतेकांना यादी हवी असते. चपला कुठे काढायच्या, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, हॉटेलात टिप ठेवायची नाही. ती यादी सहज मिळते आणि महिन्याभरात अंगवळणी पडते. मला सांगायचं आहे ते या यादीत नसतं. मला ते फार उशिरा कळलं आणि तोवर शेजारच्या सत्तरीतल्या बाईंना माझ्यामुळे दोन महिने नाहक त्रास झाला होता.

आधी वाकण्याबद्दल, कारण सगळे परदेशी तिथूनच सुरुवात करतात. जपानी वाकण्याला ओजिगी म्हणतात. शिष्टाचाराच्या पुस्तकांत त्याचे तीन अंश दिलेले असतात: येताजाता भेटलेल्याला साधारण १५, ग्राहकाला किंवा वरिष्ठाला ३०, आणि मनापासून आभार मानायचे किंवा माफी मागायची असेल तर ४५. नवा माणूस हे वाचत नाही. तो सगळ्यांसमोर सारखाच वाकतो, दुकानात सुटे पैसे परत देणाऱ्या मुलासमोरसुद्धा ४५ अंशांत. त्या मुलाला मान किंचित हलवलेली पुरेशी असते. ग्राहक एवढा वाकला की तो गोंधळतो, आणि मग त्याला त्याहून खाली वाकावं लागतं.

आपली माणसं आणखी एक गोष्ट करतात, वाकताना हात जोडतात. इथे हात जोडतात ते देवळात, जेवणाआधी ‘इतादाकिमासु’ म्हणताना, किंवा मित्राकडे गयावया करून काही मागताना. भेटल्यावर वाकताना पुरुषांचे हात मांड्यांच्या बाजूला असतात आणि बायकांचे बहुधा पुढे, एकावर एक. जोडलेले हात पाहून कुणाला राग येत नाही, पण भेटीचा पहिला क्षण अडखळतो. हस्तांदोलन आणि वाकणं एकाच वेळी करण्याचंही तसंच. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये बराक ओबामा सम्राट अकिहितो यांना भेटले तेव्हा त्यांनी हात मिळवता मिळवताच कमरेतून खोल वाकून अभिवादन केलं. त्यावरून अमेरिकेत बरीच टीका झाली, पण तिथल्या लोकांचा आक्षेप वेगळा होता: आपला अध्यक्ष परक्या सम्राटापुढे झुकलाच का? मला त्या भेटीच्या छायाचित्रात परदेशी माणसाची नेहमीची धडपड दिसते. आदर दाखवायचा आहे, म्हणून माहीत आहे ते सगळं एकदम करायचं.

आणि हे चुकतंय असं इथे कुणी सांगत नाही. दोन वाक्यं बोललात की ‘निहोंगो जोझु देसु ने’, म्हणजे ‘छान बोलता हो जपानी’, असं कौतुक होतं. पहिली दोन वर्षं मी त्यावर खूश होते. पुढे लक्षात आलं की हे कौतुक पाहुण्याचं असतं. भाषा खरंच सुधारली की ते थांबतं, आणि कुणी तुमची चूक दाखवली तर समजावं, आता तुम्हाला आपलं मानलंय.

ऑफिसात मला पहिल्यांदा टोकलं गेलं ते फोनवरून. माझ्या विभागप्रमुखांचं नाव तानाका आहे असं धरा. ग्राहकाचा फोन आला, तानाका जागेवर नव्हते. मी अदबीने, नावाला मानाचं ‘सान’ जोडून, सांगितलं, ‘तानाका-सान आत्ता जागेवर नाहीत.’ फोन ठेवल्यावर शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ सहकारी बाई हळूच म्हणाल्या, ‘बाहेरच्यांशी बोलताना सान लावायचं नाही.’ म्हणायला हवं होतं, ‘तानाका वा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु’, म्हणजे नुसतं ‘तानाका’, आणि पुढचं क्रियापदही नम्रतेचं, आपल्याकडे कमीपणा घेणारं. त्यांचं पद नावामागे जोडून ‘तानाका-बुचो’ म्हणणंही चूकच, कारण ते पदही मानाचंच. फोनवर ग्राहक असेल तर माझे साहेब माझ्या बाजूचे होतात. आणि आपल्या बाजूच्या माणसाला बाहेरच्यासमोर मोठं करायचं नसतं. घरातल्या-आतल्यांना इथे उची म्हणतात, बाहेरच्यांना सोतो. ही रेघ एका जागी नसते, समोर कोण आहे त्यावरून ती सरकते.

मराठी जिभेला हे फार जड जातं. आपण वडिलांबद्दल कुणाशीही बोलू, ‘बाबा आले आहेत’ असंच म्हणू. ऐकणारा कितीही मोठा असला तरी ‘बाबा आला आहे’ असं करणार नाही. आपल्याकडे मान माणसाला चिकटलेला असतो. जपानीत तो त्या प्रसंगातल्या नात्याला असतो. साठीला टेकलेल्या साहेबांचं नुसतं नाव घेताना कित्येक आठवडे माझ्या घशात काहीतरी अडकायचं. माझ्या कोरियन सहकाऱ्याचंही तसंच व्हायचं, कारण त्यांच्या भाषेतही मोठ्यांचा मान बहुधा सगळीकडे तसाच राहतो. त्याची वाक्यं माझ्याहून शुद्ध होती, पण अडायचा तोही तिथेच. खुद्द जपान्यांनाही हे आपोआप येत नाही. एप्रिलमध्ये रुजू होणाऱ्या नव्या मुलांना कंपन्या फोन उचलायला शिकवतात. २००७ साली तर इथल्या सरकारच्या सांस्कृतिक परिषदेने आदरार्थी भाषेची, म्हणजे केइगोची, मार्गदर्शिका काढली आणि शाळेत शिकवल्या जाणाऱ्या तीन प्रकारांऐवजी पाच प्रकार मांडले.

छोट्या चुका तर किती! स्वतःच्या नावाला ‘सान’ लावणं. सारखं ‘आनाता’, म्हणजे ‘तुम्ही’, म्हणत राहणं. इथे समोरच्याचं नाव घेऊन बोलतात. संध्याकाळी निघताना थकलेल्या साहेबांना ‘गोकुरोसामा’ म्हणणं. तो शब्द वरच्याने खालच्याला म्हणायचा, सगळ्यांना चालतो तो ‘ओत्सुकारेसामा’. हे सुधारतं. मला खरं लागलं ते आता सांगते.

माझ्या शेजारी एक बाई एकट्या राहतात. राहायला आल्यावर आजूबाजूच्यांना छोटी भेट देऊन ओळख करून घ्यायची इथली रीत. ‘समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंची दोन’ असा जुना वाक्प्रचारच आहे. मी टॉवेल दिले होते, तेवढीच आमची ओळख. मग एका नोव्हेंबरात त्यांनी पाच पर्सिमॉन आणून दिले. केशरी, थोडी चपटी फळं, फुयू जातीची. ती जात मूळची शेजारच्या गिफू प्रांतातली, आणि बाईंचं माहेरही तिथलंच. कागदी पिशवीत घालून, दारातूनच.

रिकामं भांडं परत पाठवायचं नाही, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं. मी दुसऱ्याच दिवशी डिपार्टमेंट स्टोअरमधून मिठाईचा मोठा खोका आणला, जवळजवळ पाच हजार येनचा. आठवड्याने त्यांच्याकडून चांगल्या चहाचा डबा आला. मला वाटलं, आपलं कमी पडलं. मी द्राक्षं नेली. त्यांनी रुमालांचा संच दिला. मी आणखी काही नेलं. जानेवारीच्या सुमारास माझ्या ध्यानात आलं की मी लिफ्टपाशी दिसले की बाई टपालपेटीकडे वळतात.

मी हे त्याच सहकारी बाईंना सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पहिली फळं माहेरून आलेली होती ना? म्हणजे त्यांच्याकडे जास्त झाली होती.’ मग त्यांनी समजावलं. बाळंतपणाची भेट असो की अंत्यविधीला दिलेलं पाकीट, परतफेड साधारण निम्म्या किमतीची करतात. त्याला नावच आहे, हानगाएशी, अर्धी परतफेड. निम्मी केली की देणं तिथेच मिटतं. शेजाऱ्याने दिलेल्या चार फळांना तर दोन बिस्किटंही पुरतात, नाहीतर नुसते आभार. मी पाच हजारांचा खोका नेला तेव्हाच निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या त्या बाईंवर कर्ज चढलं. त्या ते फेडायला गेल्या आणि मी आणखी चढवलं. ‘तुम्ही त्यांना की ओ त्सुकावासेता,’ सहकारी म्हणाल्या. म्हणजे त्यांना तुमच्यापायी मन खर्च करायला लावलंत. काळजी घ्यायला, हिशोब ठेवायला, अवघडायला लावलंत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांचं काही नव्हतं. मी आदर म्हणून जे जे केलं होतं, खोल वाकणं, सारखी माफी, भरल्या हातांनी जाणं, त्या प्रत्येक वेळी माझं लक्ष माझ्याच आदराकडे होतं. समोरच्याला ते उचलावं लागतं, हे मी पाहिलंच नव्हतं. इथे समोरच्याचं ओझं हलकं ठेवणं ही खरी अदब. म्हणून तर घरी आलेला भेटवस्तू देताना ‘तसं काही विशेष नाही’ म्हणतो, आणि घेणारा ती पाहुण्यासमोर बहुधा उघडत नाही.

मी काही नेणं बंद केलं. माफी मागायलाही गेले नाही, तेही आणखी एक ओझं झालं असतं. दिसल्या की मान लववायची, हवेबद्दल एक वाक्य बोलायचं, बस. उन्हाळ्यापर्यंत त्या लिफ्टमध्ये माझ्यासाठी दार धरू लागल्या.

पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा पिशवी आली. या वेळी तीन फळं. मी दारातच आभार मानले आणि दार लावलं. एक गोष्ट मात्र मी तोवर शिकले होते: इथे पुढच्या भेटीत पुन्हा एकदा आभार मानतात. ते राहून गेलं तर दिलेलं विसरलात असं वाटतं. तीन दिवसांनी सकाळी कचऱ्याच्या पिशव्या ठेवायच्या जागी त्या भेटल्या. मी मान लववून म्हटलं, ‘त्या दिवशीच्या फळांबद्दल आभार.’

त्यांनी पिशव्यांवर पसरलेली जाळी उचलून माझी पिशवी तिच्याखाली सारली आणि विचारलं, ‘गोड निघाली का?’