चीन शिकतो चिनीत, छापतो इंग्रजीत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी शोधनिबंधांचं इंग्रजी तपासते आणि त्यातले बरेचसे चीनमधून येतात, हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, “चीनचं तर सगळं त्यांच्याच भाषेत चालतं ना? मग त्यांना इंग्रजी कशाला?” मराठीतून विज्ञान शिकवावं असं मनापासून वाटणारी माणसं हे जास्त विचारतात. मलाही तसंच वाटतं, म्हणून अर्धवट उत्तर देववत नाही.

शिकणं चिनीत, हे अगदी खरं. डॉक्टर, इंजिनिअर तिथे चिनीतूनच घडतात. पण नानजिंग विद्यापीठाने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या निवडक विज्ञान-नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय यादीतले पेपर, म्हणजे शोधनिबंध, मोजायला सुरुवात केली आणि ती पद्धत देशभर पसरली. त्या यादीतली नियतकालिकं बहुतेक इंग्रजी. पीएचडी, बढती, रोख बक्षीस, सगळं त्यावर ठरू लागलं. दिवसभर ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनलाही पेपर लागायचा. बनावट पेपर विकणाऱ्यांचं फावलं ते यातूनच.

माझ्यासमोर येतं ते असं: तक्ते चोख, पद्धतीचा भाग स्वच्छ आणि चर्चेच्या भागात वाक्यं अडखळलेली. ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे ‘बट’ आलेलं असतंच; इंग्रजीत ही दोन्ही एकत्र चालत नाहीत. आपल्या जरी-तरीसारखी जोडी चिनीतही आहे, त्यामुळे ती चूक मला लगेच कळते. नियतकालिकाने पेपर तपासायला नेमलेला परीक्षक मात्र लिहितो, “इंग्रजी मातृभाषा असलेल्याकडून तपासून घ्या.” निष्कर्षांबद्दल अवाक्षर नाही. याचा मला खरोखर राग येतो.

तरी फक्त चिनीत लिहून भागत नाही. डुकरांमध्ये एच५एन१ बर्ड फ्लूचा विषाणू सापडल्याचं संशोधन २००४च्या सुरुवातीला चिनी नियतकालिकात छापून आलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ते लक्षात आलं ऑगस्टमध्ये. २०२०मध्ये नेमकं उलट झालं. वुहानच्या पहिल्या ४२५ कोविड रुग्णांवरचा पेपर २९ जानेवारीला ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी नियतकालिकात आला. डिसेंबरच्या मध्यापासून माणसाकडून माणसाला लागण होत होती, असं त्यात होतं. चिनी लोक भडकले: आम्हाला सांगायचं सोडून पेपर लिहीत बसलात? अभ्यास मागाहून केलेला आहे, असा खुलासा झाला. पण तो संताप मला रास्त वाटतो. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याला आधी, त्याच्या भाषेत कळलं पाहिजे. जगाला कळायला हवंच, पण ते त्याच्यानंतर.

त्यानंतर फेब्रुवारीतच सरकारने पेपरमागे रोख बक्षीस द्यायला मनाई केली. मूल्यमापनासाठी जे निवडक पेपर दाखवायचे, त्यातले किमान एक तृतीयांश देशातल्या नियतकालिकांतले असावेत, असंही ठरलं. हे ऐकून आपल्याकडची मंडळी खूश होतात, “बघा, वळले की नाही आपल्या भाषेकडे!” पण अट देशाची आहे, भाषेची नाही. शांघायहून निघणारं ‘सेल रिसर्च’ चीनच्या सर्वांत नावाजलेल्या नियतकालिकांपैकी एक, आणि ते इंग्रजीतच निघतं.