मार्चमध्ये ऊन कुठे मिळतं? तेनेरिफे बेटावरच्या सुट्टीचा वृत्तांत

उत्तर युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींना मार्च महिना फार छळतो. होळी होऊन गेलेली असते, पाडवा तोंडावर आलेला असतो, आणि दारामागचं जाड जॅकेट काही कपाटात जात नाही. त्यात यंदा सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. "मला बर्फ नको, किल्ले नकोत, चर्च तर अजिबात नकोत. कुठेतरी उन्हात नेऊन बसवा," एवढंच त्यांचं म्हणणं. ऐकायला सोपं, पण मार्चमध्ये युरोपात हे जमवायचं तर नकाशा घेऊन बसावं लागतं.

बहुतेक जण या दिवसांत भूमध्य समुद्राकडे वळतात, कारण तिथली पॅकेजेस भलतीच स्वस्त दिसतात. मायोर्का, माल्टा, सायप्रस, अंताल्या. स्वस्त असतात कारण हंगाम अजून सुरूच झालेला नसतो. दुपारी पारा १७ ते १९ अंशांच्या आसपास जातो. ऊन असेल तर मजा, ढग आला की स्वेटर. समुद्र तर फेब्रुवारी-मार्चमध्येच वर्षातला सगळ्यात थंड असतो, कारण पाण्याला तापायला जमिनीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. जुनी गावं हिंडायला हा काळ झकास आहे, गर्दी नसते. पण नुसत्या उबेसाठी जाणार असाल तर स्वस्तात खोली घेऊन तिथे कुडकुडत बसणं हा खरा महागातला सौदा.

खात्रीचं ऊन हवं तर आणखी दक्षिणेला उतरावं लागतं: इजिप्तमधलं हुरघाडा, मोरोक्कोमधलं अगादीर, नाहीतर स्पेनची कॅनरी बेटं. खर्चाच्या बाबतीत पहिली दोन बाजी मारतात, आणि हुरघाड्याचा समुद्रही जास्त ऊबदार असतो. पण सासूबाईंच्या पासपोर्टवर एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा होता, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. इजिप्त किंवा मोरोक्कोला गेलं की शेंगेनच्या बाहेर, आणि मग परत आमच्या घरी यायची सोय नाही. कॅनरी बेटं आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर असली तरी स्पेनचीच, शेंगेनमधलीच. आई-वडील किंवा सासू-सासरे आलेले असताना सहल आखत असाल तर हवामानाच्या आधी व्हिसावर किती प्रवेश आहेत ते बघा. विमान शेंगेनच्या आतल्या आत असलं तरी पासपोर्ट आणि तुमचं रेसिडेन्स कार्ड जवळ हवंच. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांना अर्थातच वेगळा शेंगेन व्हिसा काढावा लागतो.

कॅनरीतली बेटं एकाच माळेतली असली तरी स्वभावाने निराळी. लान्सारोते आणि फुएर्तेवेंतुरा तुलनेने सखल, कोरडी आणि वाऱ्याची. फुएर्तेवेंतुराचे किनारे सुरेख आहेत, पण पाण्यात न उतरणाऱ्या माणसाला तिथे आठवडाभर करायचं काय, हा प्रश्न मला पडला. ग्रान कनारिया आणि तेनेरिफे यांच्यात आम्ही तेनेरिफे निवडलं, कारण एका बेटावर ऊन, जंगल आणि ज्वालामुखी तिन्ही.

आता पैशाचं. इथे सगळा खेळ आठवड्याचा आहे. फेब्रुवारीत अर्ध्या युरोपातल्या शाळांना सुट्टी असते, त्यातच बेटाच्या राजधानीचा, सांता क्रूसचा प्रसिद्ध कार्निव्हल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, आणि मग ईस्टर. या तिन्ही वेळांना विमान आणि हॉटेल दोन्ही कडाडतात. कार्निव्हल संपल्यापासून ईस्टरच्या आधीच्या आठवड्यापर्यंतची जी फट उरते ती आपली. मात्र ईस्टर सरकतो: २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला, आणि २०२७ मध्ये २८ मार्चला आहे. म्हणून "मागच्या वर्षी मार्चअखेर स्वस्त होतं" या माहितीवर कुणी विसंबू नये. मुलं शाळेत असतील तर ही फट हाती लागणं कठीण. मग निदान शनिवार ते शनिवार सोडून मधल्या वारांची विमानं बघा.

स्वस्त विमान कंपन्यांचं तिकीट बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही. बॅग, सीट, मध्यरात्री पोचल्यावरची टॅक्सी हे सगळं धरून माणशी आकडा काढला की चित्र बदलतं. उत्तर युरोपातून इथे यायला चार-पाच तास लागतात, भूमध्य समुद्राच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे तीन-चार दिवसांसाठी हा खर्च परवडत नाही. आठवडा काढता येत असेल तरच या. आणि बेटावर विमानतळ दोन आहेत. उत्तरेचा ला लागुनाजवळ, सहाशे मीटरच्या वर, बऱ्याचदा धुक्यात, दक्षिणेचा समुद्राकाठी. मुक्काम दक्षिणेला आणि विमान उत्तरेला, असं तिकीट चार पैसे वाचतात म्हणून घेऊ नका. वाचलेले पैसे बेट ओलांडण्यातच जातात.

बेटाची कुठली बाजू निवडायची, हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, आणि नेमकी हीच गोष्ट हॉटेलच्या जाहिरातीत नसते. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे ढग घेऊन येतात आणि ते बेटाच्या उत्तर अंगाला अडकतात. मधोमध तेइदेचा डोंगर आडवा असल्यामुळे दक्षिणेला कोरडं, लख्ख ऊन. उत्तरेला पुएर्तो दे ला क्रूस हे गाव हिरवंगार, जुनं, आणि राहायला बहुधा स्वस्त. पण सकाळी खिडकी उघडल्यावर ढग दिसतील ही तयारी हवी. आम्हाला ऊनच हवं होतं, म्हणून दक्षिणेला लॉस क्रिस्तियानोस. शेजारचं कोस्ता आदेखे जास्त चकचकीत आणि जास्त महाग. लॉस क्रिस्तियानोसचा किनाऱ्यालगतचा रस्ता सपाट आहे, ठिकठिकाणी बाकडी आहेत, गुडघेदुखीवाल्या माणसाला आरामात चालता येतं. सासूबाई पहिल्याच संध्याकाळी बंदरापर्यंत जाऊन आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं तिथलं एक बाकडंच ठरून गेलं.

आम्ही स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेतलं होतं. ते घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. एक, घर कुठल्या दिशेला आहे. इथल्या बऱ्याच घरांत हीटिंग नसतं आणि रात्री तापमान पंधरा अंशांपर्यंत उतरतं. दिवसभर ऊन लागलेलं घर रात्री छान राहतं. उत्तरेकडे तोंड असलेल्या घरात संध्याकाळनंतर फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. मोजे आणि एक शाल असू द्या. दुसरं, पोहण्याचा तलाव तापवलेला आहे का. "तलाव आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, कारण मार्चमधलं न तापवलेलं पाणी बघायलाच बरं. समुद्राचं पाणी १९ अंशांच्या आसपास असतं. मुलं उड्या मारतात, मोठी माणसं पोटरीपर्यंत जाऊन परत येतात. दुपारची हवा मात्र २१-२२ अंशांची, अगदी हवी तशी.

ऊन मऊ वाटतं म्हणून फसू नका. तेनेरिफे २८ अक्षांशावर आहे, म्हणजे जवळपास दिल्लीच्या रेषेत, आणि वारा सतत असल्यामुळे चटका कळत नाही. सनस्क्रीन आणि टोपी पहिल्या दिवसापासून. त्याचबरोबर कलिमा हा प्रकारही माहीत असू द्या: सहारातून वारा सुटला की हवेत बारीक धूळ भरते, आकाश पिवळट होतं, गरम होतं आणि समोरचा डोंगरही दिसेनासा होतो. आमच्या वाट्याला त्याचा हलका झटका आला. गॅलरीतल्या पांढऱ्या टेबलावर बोटाने रेघ ओढता येईल इतकी धूळ सकाळी साचली होती. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी औषध जवळ ठेवावं आणि असा दिवस घरात काढावा.

तेइदे हा ३७१५ मीटर उंचीचा ज्वालामुखी, स्पेनमधलं सर्वांत उंच शिखर. इथलं राष्ट्रीय उद्यान २००७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे जायला बस आहे, पण फेऱ्या मोजक्या आहेत, त्यामुळे सकाळची चुकली की दिवस गेला. आम्ही गाडी भाड्याने घेतली. उत्तरेकडून चढणारा रस्ता घेतलात तर मजा जास्त: आधी गावं, मग पाइनचं जंगल, मग एकदम दाट ढग. वायपर चालू करावे लागले, काचेवर पाणी, समोरच्या गाडीचे फक्त दिवे दिसत होते. आणि एका वळणानंतर ढग संपले. वर निळं आकाश, खाली पांढऱ्या ढगांचं पठार, आणि समोर तेइदे, डोक्यावर थोडा बर्फ घेऊन. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी बर्फ नको म्हटलं होतं ना!"

केबल कार २३५६ मीटरवरून निघून ३५५५ मीटरपर्यंत जाते, आणि तिकीट आधी काढावं लागतं. पण वारा जोराचा असला की ती बंद ठेवतात, आणि हिवाळ्याच्या शेवटी हे वरचेवर होतं. म्हणून तेइदेचा दिवस सुट्टीच्या सुरुवातीला ठेवा, बंद निघाली तर दुसरा दिवस हाती राहतो. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी वर जाऊ नये. इतक्या झटकन एवढी उंची गाठली की चांगल्या माणसालाही गरगरतं. सासूबाई आणि मी खालीच थांबलो. खरं सांगायचं तर रोकेस दे गार्सियाच्या उभ्या खडकांभोवती जे बघायला मिळतं त्याला एक पैसा लागत नाही, आणि तेच मला जास्त आवडलं. अगदी शिखरावर चढायचं असेल तर वेगळा परवाना लागतो. त्याच्या जागा फार लवकर भरतात, विमानाचं तिकीट काढलं की लगेच त्यामागे लागा. किनाऱ्यावर टी-शर्ट असला तरी वर जाताना जाड जॅकेट घ्या, आणि बर्फ पडला असेल तर रस्ताच बंद होतो हे लक्षात ठेवा.

गाडी रोज लागत नाही. दोन-तीन दिवसांसाठी घ्यावी, बाकी बसने फिरावं. तितसा कंपनीच्या हिरव्या बसगाड्या बेटभर जातात. "तेन मास" हे कार्ड घेतलं तर रोख तिकिटापेक्षा भाडं कमी पडतं. गाडी घेताना क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं, पेट्रोल "पूर्ण टाकी घ्या, पूर्ण टाकी परत द्या" या अटीवरच घ्या, आणि ताब्यात घेताना चारही बाजूंचे फोटो काढा. पेट्रोल मुख्य स्पेनपेक्षा स्वस्त आहे. एकूणच इथे नेहमीच्या व्हॅटऐवजी ७ टक्क्यांचा स्थानिक कर लागतो, मुख्य स्पेनमध्ये तोच २१ टक्के. म्हणूनच अत्तरं, दारू, सिगारेटच्या दुकानांची एवढी गर्दी. मात्र करासाठी हा भाग वेगळा धरला जातो, त्यामुळे परत येताना कस्टम्सच्या मर्यादा लागू होतात. मोबाईलचं युरोपातलं रोमिंग नेहमीसारखंच चालतं.

एक दिवस उत्तरेला द्या. ला लागुना हे जुनं शहर, सरळ आखलेले रस्ते, लाकडी सज्जे. मग गाराचिको: १७०६ च्या उद्रेकात लाव्हाने इथलं बंदर भरून टाकलं आणि गावाचं वैभव गेलं. त्याच लाव्हाच्या खडकांत आज पोहायचे नैसर्गिक कुंड आहेत. लाटा मोठ्या असल्या की ते बंद करतात, साखळी ओलांडून जाणारे शहाणे असतात, तुम्ही त्यांतले होऊ नका. आनागाच्या जंगलात जायची इच्छा होती, पण वळणावळणाच्या रस्त्याचं नाव काढताच सासूबाईंनी हात जोडले.

पैसे खर्च करायचेच असतील तर देवमाशांच्या बोटीवर करा. तेनेरिफे आणि शेजारचं ला गोमेरा बेट यांच्यामधल्या पाण्यात पायलट व्हेल बारमाही राहतात, त्यामुळे दिसण्याची शक्यता भरपूर. परवानाधारक "बार्को आसूल" झेंड्याची बोट निवडा. अशा बोटी प्राण्यांपासून अंतर राखतात. मोठ्या बोटीत संगीत आणि दारूच जास्त असते, छोटीत बसा. मळमळीची गोळी निघण्याआधी घ्या.

शाकाहाऱ्यांचं अडत नाही, पण विचारून घ्यावं लागतं. खारट पाण्यात सालासकट उकडलेले सुरकुतलेले बटाटे आणि त्याबरोबर मोहो, म्हणजे लाल किंवा हिरवी चटणी, हे सगळीकडे मिळतं. भाजलेलं चीज मिळतं. भाज्यांचं सूप मात्र डोळे झाकून मागवू नका, त्यात डुकराचं मांस असू शकतं. भाजलेल्या धान्याचं गोफियो नावाचं पीठ दुकानात मिळालं, आणि सासूबाईंनी ते दूध-साखर घालून सातूच्या पिठासारखं कालवून रोज सकाळी खाल्लं. दुपारचं "मेनू देल दिया", म्हणजे ठरलेल्या किमतीचं जेवण, किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत गेलं की जास्त चांगलं आणि कमी पैशात मिळतं. बरीच मोठी सुपरमार्केट रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवारी रात्री उतरणार असाल तर चहा-दुधाची सोय बरोबर ठेवा.

परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर खोली सकाळीच सोडावी लागते आणि दिवस लोंबकळतो. तेव्हा सामान ठेवून घेतात का ते आधी विचारा. गाडी शेवटच्या दिवसांसाठी घेतली असेल तर सरळ एल मेदानोला जा. दक्षिणेच्या विमानतळापासून ते अगदी जवळ आहे. वाऱ्याचं गाव आहे, त्यामुळे विंडसर्फिंगवाल्यांची झुंबड असते. वारा सोसत नसेल तर चौकातल्या कॅफेत आडोशाला बसा. जॅकेट मात्र सुटकेसमध्ये तळाशी भरू नका, उतरल्यावर ते पहिल्या मिनिटाला लागतं.