ग्रँड फायनलच्या दिवशी लिहिलेलं पत्र

२०१६च्या एप्रिलमध्ये एकाच आठवड्यात पश्चिम मेलबर्नमधले दोन गुडघे गेले. पहिला बॉब मर्फीचा. मर्फी म्हणजे वेस्टर्न बुलडॉग्ज या फूटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) क्लबचा कप्तान, वय तेहेतीस, २०००पासून याच एका क्लबकडून खेळलेला. मोसमाचा तिसराच सामना, समोर सलग तीन वर्षांचे विजेते हॉथॉर्न. सामना संपत आलेला असताना चेंडूसाठीच्या झटापटीत तो गुडघा धरून खाली बसला. बुलडॉग्ज तीन गुणांनी हरले आणि मर्फीचं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, तुटल्याचं निदान झालं. मोसम संपला.

दुसरा गुडघा एकोणीस वर्षांच्या एका मुलीचा. ती इथल्याच एका उपनगरी क्लबात खेळायची. धावता धावता वळली, पाय जमिनीत रुतल्यासारखा राहिला आणि शरीर पुढे गेलं. कोणी धक्काही दिला नव्हता. मे महिन्याच्या मध्यावर तिचं ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा काढून त्याचं नवीन लिगामेंट बसवलं आणि ती कुबड्या घेऊन फुटस्क्रेतल्या आमच्या क्लिनिकमध्ये माझ्यासमोर येऊन बसली.

मी फिजिओथेरपिस्ट. शिक्षण मिरजेला झालं. तिथे सांगली-कोल्हापूरकडच्या कबड्डीपटूंचे गुडघे भरपूर पाहिले होते. पाय धरला गेला, उरलेलं अंग सुटायला बघतंय आणि मधल्या मध्ये गुडघा पिळला जातोय, हे दृश्य डोळ्यांत बसलं होतं. त्यामुळे इथे आल्यावर हा खेळ नवीन असला तरी त्यातल्या दुखापती ओळखीच्या निघाल्या. नियम नंतर कळत गेले. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, मैदानात अठरा जण आणि बदली तेव्हा चार. चार खांब, मधल्या दोघांमधून गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. पॉइंट कुक, टारनीट या भागांत आपली इतकी मराठी घरं आहेत, पण शनिवार-रविवारच्या गप्पांत फूटी क्वचितच निघते. मला मात्र कामामुळे या खेळाच्या आतूनच शिरावं लागलं.

ती मुलगी आणि मर्फी यांची जोडी जुळवली आमच्या रिसेप्शनवरच्या बाईंनी. त्या फुटस्क्रेतच जन्मलेल्या, साठीच्या पुढच्या. १९५४मध्ये बुलडॉग्ज क्लबने आपलं पहिलं आणि तोवरचं एकमेव विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्यांचे वडील एमसीजीवर, म्हणजे मेलबर्नच्या मोठ्या मैदानावर, होते. १९८९मध्ये हा क्लब फिट्झरॉयमध्ये विलीन करून टाकायचं ठरलं, तेव्हा पश्चिमेकडच्या लोकांनी डबे घेऊन दारोदार आणि दुकानांपुढे पैसे गोळा केले, कोर्टात गेले आणि क्लब वाचवला. त्या डबेवाल्यांमध्ये या बाई होत्या. उपांत्य फेरीपर्यंत जाऊन हरणं हा तर या क्लबचा शापच म्हणायचा. १९८५, १९९२, १९९७, १९९८, मग २००८, २००९, २०१०. बाईंना ही सगळी वर्षं पाठ. कुबड्या घेऊन आलेल्या पोरीला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तू आणि बॉब एका वर्गातले."

पोरीला ते आवडलं नव्हतं. मर्फीची सोळा वर्षं खेळून झालेली, माझं अजून सुरूही झालेलं नाही, असं ती नंतर टेबलावर पडल्या पडल्या मला म्हणाली. जूनमध्ये तर कहरच झाला. बायकांसाठी पहिल्यांदाच राष्ट्रीय लीग सुरू होणार, आठ क्लब असणार आणि त्यांत बुलडॉग्ज आहेत, अशी घोषणा झाली. सामने २०१७च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, खेळाडूंची निवड ऑक्टोबरमध्ये. लहानपणी मुलांबरोबर खेळायची, मग एका वयानंतर मुलींना संघच नाही म्हणून थांबलेली आणि पुन्हा सुरू केलेली ही मुलगी. तिच्या हयातीत दार उघडलं ते नेमकं गुडघा बांधलेला असताना.

मी हिशेब तिच्याआधीच करून ठेवला होता. ऑपरेशनपासून नऊ महिने म्हणजे फेब्रुवारीचा मध्य. नऊ महिन्यांच्या आत वळणा-उड्यांच्या खेळात उतरलं की गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच वाढतो, आणि नऊ महिने हीसुद्धा हमी नव्हे. बसवलेला कंडरा एकदम लिगामेंट होत नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर तो उलट जास्त कमकुवत होतो, मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात, तंतूंची रचना बदलते, आणि हे महिनोन्‌महिने चालतं. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं. एसीएलच्या पेशंटला सांभाळताना सगळ्यात अवघड काळ हाच, जेव्हा त्याला काहीच होत नसतं.

इकडे बुलडॉग्जचा मोसम म्हणजे दवाखान्याचं रजिस्टर वाटावं असा चालला होता. चाळिसाहून जास्त खेळाडूंची यादी, त्यातून दर आठवड्याला बावीस निवडायचे, आणि निवडायला धड बावीस तरी राहतात का, अशी वेळ. जुलैमध्ये सेंट किल्डाविरुद्धच्या एकाच रात्री मिच वॉलिसचा पाय मोडला आणि जॅक रेडपाथचा गुडघा गेला. तरी संघ सातवा येऊन अंतिम आठांत शिरला. त्या वर्षी पहिल्यांदाच बाद फेरीआधी एक आठवडा मोकळा ठेवला होता. लोक त्या सुट्टीवर चिडले होते, पण आमच्या धंद्यातल्या माणसाला एका आठवड्याची किंमत ठाऊक असते. जॅक मॅक्रे आणि टॉम लिबरटोर दुखापतीतून परत आले. पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला ४७ गुणांनी हरवलं. मग हॉथॉर्नला २३ गुणांनी. मग सिडनीत जाऊन ग्रेटर वेस्टर्न सिडनीला अवघ्या सहा गुणांनी. त्या सामन्यात क्ले स्मिथने चार गोल केले. या स्मिथच्या गुडघ्याची तीनदा पुनर्रचना झालेली. लिबरटोरचा २०१५चा अख्खा मोसम गुडघ्यापायी गेलेला. ल्यूक बेव्हरिज या प्रशिक्षकाचं हेच मोठेपण मला वाटतं. त्याचा संघ म्हणजे दुरुस्त केलेल्या शरीरांचा संघ होता, आणि त्यातल्या कोणालाही तो उसनवारीचा माणूस समजत नव्हता.

१ ऑक्टोबर, शनिवार. ग्रँड फायनल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, समोर सिडनी स्वान्स. क्लिनिक दुपारी दोनपर्यंत उघडं. बार्कली स्ट्रीटवर दुकानांना लाल-पांढरे-निळे पट्टे, व्हिएतनामी बेकरीच्या काचेवर बुलडॉगचं चित्र. बाईंनी प्रतीक्षागृहात घरचा टीव्ही आणून ठेवलेला आणि सकाळी आलेला प्रत्येक पेशंट बरा होऊनही बसून राहायच्या तयारीत. माझी शेवटची अपॉइंटमेंट होती त्या मुलीची.

आल्या आल्या तिने सांगितलं, "मला एक पत्र पाहिजे. फेब्रुवारीत मी फिट असेन असं. निवड करणाऱ्यांना दाखवायला."

मी आधी तिला टेबलावर घेतलं. गुडघा पूर्ण सरळ होत होता, सूज नव्हती. वाटीच्या वर दहा सेंटीमीटरवर टेप लावला, मांडीचा घेर अजून दुसऱ्या पायापेक्षा कमीच. मग आरशासमोर एका पायावर उभं करून हळूहळू खाली बसायला सांगितलं. निरोगी पायावर ती सरळ रेषेत खाली गेली. ऑपरेशनच्या पायावर अर्ध्यात पोचली आणि गुडघा आतल्या बाजूला, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकला. फार नाही, दोन बोटं. पण नेमका असाच आत जाऊन तो तुटला होता.

"परत कर," मी म्हणाले. परत तसंच. तिसऱ्यांदा तिने दात आवळून तो सरळ धरला, आणि तोल जाऊ नये म्हणून कंबर बाजूला काढली.

आरशात आम्हा दोघींना ते दिसत होतं. तरी ती म्हणाली, "क्ले स्मिथ तीनदा परत आला."

"आला. आणि तीनदा त्याचा गुडघा गेलाही होता."

तिने उत्तर दिलं नाही. मी म्हणाले, की फेब्रुवारीत तू फिट असशील असं मी लिहून देणार नाही. फिट नसशील असंही लिहिणार नाही. ते आज कोणालाच माहीत नाही. ती टेबलावरून उतरली, बूट घातले, आणि मला वाटलं की ही आता निघाली. पण बाहेर राष्ट्रगीत सुरू झालं होतं. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली, हाताची घडी घालून.

पुढचे अडीच-तीन तास क्लिनिक बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. एमसीजीवर ९९,९८१ माणसं होती. आमच्याकडे पंधरा-वीस आणि बर्फाचं मशीन. मध्यंतराला सिडनी दोन गुणांनी पुढे. माझं लक्ष चेंडूपेक्षा पायांकडेच जायचं. सामन्याच्या शेवटच्या पाव भागात सिडनीचा डॅन हॅनेबरी चेंडूवर झेपावला आणि बुलडॉग्जचा ईस्टन वूड घसरत त्याच्या पायावर आला. मर्फीच्या जागी कप्तानी करत होता तो हाच वूड. हॅनेबरीचा गुडघा बाजूने आत दुमडला. प्रतीक्षागृहात सगळे शिटी वाजते का, याची वाट बघत होते. आम्ही दोघींनीच, मी आणि तिने, एकदम "आई गं" सारखा आवाज काढला. "आतलं," ती म्हणाली. आतल्या बाजूचं लिगामेंट, असं तिला म्हणायचं होतं. बरोबर होतं ते.

मग बुलडॉग्जच्या जोहानिसनचा एक गोल पंचांनी रिप्ले बघून रद्द केला. बाईंनी तोंडावर पदर घ्यावा तसा स्कार्फ घेतला. आणि जरा वेळाने आमच्या डेल मॉरिसने सिडनीच्या लान्स फ्रँकलिनला मागून पकडून पाडलं, चेंडू सुटला, टॉम बॉइडच्या हाती लागला आणि त्याने मैदानाच्या मध्याकडून लांबच लांब लाथ घातली. गोलपाशी कोणी नव्हतं. चेंडू टप्पे खात गोलमध्ये गेला. हा मॉरिस पाठीच्या मणक्याला फ्रॅक्चर असताना खेळत होता, हे आम्हाला नंतर कळलं. शेवटी ८९ विरुद्ध ६७. बासष्ट वर्षांनी. बाई उभ्याच होत्या, हात खाली, आणि अश्रू पुसायचंही त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

पदकं वाटणं सुरू झालं. तेव्हा सामन्यातल्या बावीस जणांनाच पदक मिळायचं. मोसमभर खेळून शेवटच्या सामन्यात नसलेल्याला काही नाही, नियमच तसा होता. जेसन जोहानिसन सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. विजेत्या प्रशिक्षकाला वेगळं पदक असतं. बेव्हरिजने ते घेतलं आणि माइकवरून बॉब मर्फीला वर बोलावलं. स्वतःच्या गळ्यातलं पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं. मग वूड, बेव्हरिज आणि मर्फी यांनी मिळून कप उचलला. खोलीतली सगळी माणसं रडत होती. माझेही डोळे भरून आले. इतक्या वर्षांच्या कामात बाहेर बसलेल्या माणसाला इतक्या उघडपणे आत घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

ती मुलगी रडत नव्हती. ती पडद्याकडे टक लावून बघत होती. "त्याला ते नकोय," ती म्हणाली. "बघ ना त्याच्याकडे. त्याला आनंद झालाय, पण पदक नकोय. त्याला खेळायचं होतं."

बाईंना ते लागलं असावं. त्या म्हणाल्या, "अगं, मान आहे तो."

"मान आहेच. पण तो खेळला नाही."

मी मधे पडले नाही. तिचं म्हणणं खरं होतं आणि बेव्हरिजने केलं तेही योग्यच होतं. एका गोष्टीने दुसरी खोटी पडत नाही. महिनोन्‌महिने सगळे तिला धीर देत होते, तिच्यासमोर चांगली उदाहरणं ठेवत होते, त्यात मीही आले. त्या दिवशी तिने पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं, की बाहेर बसणं हे बाहेर बसणंच असतं, त्याला गोड करू नका.

रस्त्यावर हॉर्न सुरू झाले होते. माणसं पांगली, क्लबच्या व्हिटन ओव्हल मैदानाकडे निघाली. ती उठून आत आली आणि म्हणाली, "बरं, मग तू लिहून काय देशील?"

मी कॉम्प्युटर चालू केला. ती शेजारी स्टूल घेऊन बसली. दुखापत एप्रिलमध्ये, ऑपरेशन मेच्या मध्यावर, ग्राफ्ट (बसवलेला कंडरा) कशाचा. आजची तपासणी: हालचाल पूर्ण, सूज नाही, मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद अजून कमी, एका पायावर बसताना गुडघा आत जातो. सरळ रेषेत धावणं सुरू आहे, वळणं आणि उड्या नाहीत. फेब्रुवारीच्या मध्याआधी खेळाच्या चाचण्या घेऊ नयेत. चाचण्या पार पडल्या तरच सराव, आणि सरावानंतरच सामना. पहिला मोसम हुकण्याची शक्यता आहे. दुसऱ्यासाठी ती उभी राहू शकते, असं मला तिच्या कामावरून वाटतं.

तिने ते स्क्रीनवर दोनदा वाचलं. "शक्यता आहे" यावर बोट ठेवलं.

"हे काढ," ती म्हणाली. "पहिला मोसम हुकणार, असंच लिही. नाहीतर ते मला फेब्रुवारीत बोलावतील आणि मी जाईन."

मी बदल केला, प्रिंट काढली, सही केली. बाहेर बाई टीव्हीची वायर गुंडाळत होत्या. त्यांनी तिला मंगळवारची अपॉइंटमेंट दिली, सकाळी सातची, कारण एका पायावर बसण्याचा व्यायाम आता आठवड्यातून तीनदा माझ्या डोळ्यांसमोर करायचा, असं आमचं ठरलं होतं.