गुडघ्याखालची उशी

"पाय गेलाय, माणूस तळमळतोय, आणि तुम्ही गुडघ्याखालची उशीसुद्धा काढून घेता?" ऑपरेशननंतर वॉर्डात गेले की कुणी ना कुणी नातेवाईक हे विचारतातच. मी फिजिओथेरपिस्ट, उशी काढायला सांगणारी मीच. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

शुगरमुळे गँगरीन होऊन पाय काढायची वेळ येते तेव्हा, जमत असेल तर गुडघा वाचवायचा, ही सर्जनची धडपड असते. गुडघा आपला स्वतःचा असला की कृत्रिम पायावर चालताना दम कमी लागतो, जिना आणि चढ सोपा जातो. त्यासाठी पोटरीकडचा मांसल भाग लांब ठेवून पुढे आणून शिवतात, कारण तिथला रक्तपुरवठा बरा असतो. नडगीच्या हाडाची पुढची कड घासून गोल करतात, शेजारचं बारीक हाड किंचित आखूड ठेवतात. मज्जातंतू ओढून वर कापतात, म्हणजे त्याचं टोक मांसात खोल सरकतं आणि पुढे दाब पडून कळ येत नाही.

एवढ्या कष्टाने वाचवलेला गुडघा उशीवर वाकून पडून राहिला, तर मांडीमागचे स्नायू आखडतात. दुखतं म्हणून माणूस पाय आपसूक जवळ घेतो, आणि उशी तो तसाच धरून ठेवते. काही आठवड्यांत गुडघा सरळ होईनासा होतो. वाकलेल्या गुडघ्याला कृत्रिम पाय धड बसत नाही. सूज उतरवायची असेल तर खाटेची पायथ्याकडची बाजू उचला, गुडघा सरळच राहू द्या. व्हीलचेअरवर तो लोंबकळत ठेवू नका, खाली फळी द्या. पाय मांडीतून काढला असेल तर दोन्ही मांड्यांमध्येही उशी नको. टाके सोसतील तसं रोज थोडा थोडा वेळ पालथं झोपवा.

उरलेल्या पायावर क्रेप बँडेज तिरके वेढे देत बांधायचं, टोकाशी घट्ट आणि वर सैल. उलटं झालं तर टोकाला सूज साठते. हे घरच्यांनी डिस्चार्जआधी आमच्यासमोर बांधून दाखवावं, असा माझा आग्रह असतो.

आणखी एक. "नसलेल्या अंगठ्याला मुंग्या येतात," असं पेशंट सांगतो तेव्हा घरचे घाबरून एकमेकांकडे बघतात. त्याचं डोकं ठिकाणावर आहे. मेंदूतला पायाचा नकाशा अजून पुसलेला नसतो. अमेरिकन डॉक्टर वायर मिचेल यांनी 1871 मध्ये याला 'फँटम लिंब', म्हणजे भासणारा अवयव, म्हटलं. मद्रासमध्ये वैद्यकीचं शिक्षण घेतलेल्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990च्या दशकात त्यावर आरशाचा उपाय पुढे आणला. शाबूत पाय आरशात हलताना पाहून गेलेला पायच हलतोय असं वाटतं, आणि काहींची वेदना उतरते. औषधंही असतात. त्याला गप्प बसवू नका, डॉक्टरांना सांगू द्या.

जखम भरून सूज उतरली की कृत्रिम पायासाठी माप घेतात. त्याला बहुधा दीड-दोन महिने लागतात, शुगर असेल तर जास्तही. जयपूर फूट 1968च्या सुमाराचा, डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांचा. तो घालून उकिडवं बसता येतं, अनवाणी शेतात जाता येतं. पण माप घेणारा माणूस प्लास्टर कालवण्याआधी एकच सांगतो: "काका, गुडघा सरळ करा बघू."