माझी सुई कोण बघतं?

ॲक्युपंक्चरचा कोर्स संपला त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी एकमेकांना शब्द दिले होते. महिन्यातून एकदा भेटायचं, केसेस बोलायच्या, वगैरे. बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप पहिले काही महिने नुसता वाहत होता, मग वाढदिवसांवर आला, मग तेही थांबलं. मला त्याचं फार वाईट वाटलं असंही नाही. पेशंट येत होते, हात चालत होता.

शिकत असताना आमच्या मॅडम क्लिनिकच्या तासाला मागे येऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या कमीच, नुसतं "हं" म्हणायच्या. त्या "हं"चे दोन-तीन प्रकार होते आणि त्यातला एक ऐकला की सुई तिथल्या तिथे थांबवायची, हे सगळ्यांना पाठ होतं. स्वतःची प्रॅक्टिस सुरू झाल्यावर तो "हं" गेला. आता चुकलं तर सांगू शकणारा एकच माणूस खोलीत होता, तो म्हणजे पेशंट. आणि पेशंट सांगत नाही, यायचा बंद होतो.

तीन वर्षांनी एक बॅचमेट मान धरली म्हणून माझ्याकडे आली. खांद्यावरच्या जीबी २१ या पॉइंटला सुई लावायला हात नेला, तर ती म्हणाली, "थांब. किती खोल जाणार आहेस?"

"नेहमीसारखी."

"म्हणजे किती?"

मला आकडा सांगता येईना. या पॉइंटच्या खाली फुप्फुसाचं वरचं टोक असतं. सुई सरळ आणि खोल गेली तर न्यूमोथोरॅक्स होऊ शकतो, म्हणजे फुप्फुसाभोवती हवा शिरून ते आक्रसतं. म्हणून तिथला स्नायू चिमटीत उचलायचा, सुई तिरकी ठेवायची आणि अर्ध्या त्सुनाच्या (त्सुन म्हणजे पेशंटच्या अंगठ्याच्या रुंदीएवढं माप) पुढे जायचं नाही, हे परीक्षेत मी लिहून आले होते. घाईघाईत कधीतरी चिमूट सुटली होती, मग कोन सरळ होत गेला होता, आणि मला पत्ताच नव्हता. "पण आजवर कुणाला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "तेच तर," ती म्हणाली, "म्हणून तर तुझ्या लक्षात आलं नाही." त्या रात्री झोप नीट लागली नाही.

पुन्हा जुळवाजुळव तिथून सुरू झाली. मोठा ग्रुप नकोच म्हटलं, चौघीच. दर दीड महिन्याने भेटायचं, एकमेकींना सुया लावायच्या, आणि लावताना कोन आणि खोली मोठ्याने बोलायची. पहिल्या दोन भेटींत सगळ्यांनी आपापल्या बऱ्या झालेल्या केसेस आणल्या. इतकं कंटाळवाणं काही नसतं! मग नियम केला: ज्या पेशंटने येणं सोडलं त्याचीच केस आणायची. त्यासाठी मी सुटलेल्या सहा जणांना फोन केले. दोघं बरे झाले होते, तिघांचं दुखणं होतं तिथेच होतं. सहावी म्हणाली, "मला सुयांची भीती वाटायची, पण तुम्ही गडबडीत असायचात." हे मला कुठल्याही वेबिनारमध्ये कळलं नसतं.

वेबिनारही केले. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी कॅमेरा बंद करून कपड्यांच्या घड्या घातल्या आणि सर्टिफिकेट डाउनलोड केलं.

चौघींपैकी एकजण दुसऱ्या संस्थेत शिकलेली. तळहातावरच्या पीसी ८ या पॉइंटवरून आमचं चांगलंच वाजलं. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या मेटाकार्पलच्या, म्हणजे तळहातातल्या हाडांच्या, मध्ये घेते, ती तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेचं २००८ चं पॉइंटच्या जागांचं प्रमाण उघडलं. त्यात ३६१ पॉइंट आहेत आणि सहांच्या बाबतीत पर्यायी जागाही नोंदवल्या आहेत. पीसी ८ त्या सहांतला. मुख्य जागा माझी, पर्यायी तिची. दोघींनीही आपण जिंकलो असं धरलं.

संशोधन वाचायला बसलो तेव्हा मात्र हसणं थांबलं. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ पेशंटवर झालेली एक चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी खऱ्या पॉइंटवर सुया लावलेल्यांत ४७.६ टक्के लोकांना फरक पडला होता, मुद्दाम भलत्या जागी वरवर टोचलेल्यांत ४४.२ टक्के, आणि नेहमीच्या उपचारांवर २७.४ टक्के. मधला आकडा बघून एकजण म्हणाली, "मग पीसी ८ वरून आपण कशाला भांडलो?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. पुढे २०१८ मधलं ३९ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण वाचलं. खऱ्या आणि खोट्या सुयांतला फरक त्यात लहान निघतो, पण निघतो. आता कुणी पेशंट विचारतो, "याने नक्की बरं वाटेल ना?" तेव्हा मी पूर्वीइतक्या ठसक्यात "हो" म्हणत नाही. दोन पेशंट त्यामुळे गेले असतील. जाऊ देत.

त्या वाचनातूनच स्ट्रिक्टा हाती लागलं. ॲक्युपंक्चरच्या चाचणीचा अहवाल लिहिताना काय काय नोंदवायचं याची ही यादी, २००१ ची, २०१० मध्ये सुधारलेली. किती सुया, कुठे, किती खोल, डेची (सुईच्या जागी जाणवणारा जडपणा किंवा ठणका) आली का, हाताने फिरवली की वीज दिली, किती वेळ ठेवली. आहे संशोधकांसाठी, पण मी ती माझ्या केसपेपरवर उतरवली. खोलीचा रकाना रिकामा राहिला की मला जीबी २१ आठवतो.

मॅडमना लिहायची हिंमत व्हायला सहा वर्षं लागली. एक जुनी डोकेदुखी काही केल्या हलत नव्हती. दोन पानी मेल पाठवला: सगळे पॉइंट, प्रत्येक सुई किती खोल, तारखा, वाचलेले अभ्यास. दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: "आणि जीभ कशी होती?"

जीभ बघून निदान करणं हे आमच्या शास्त्रातलंच. बघितलीच नव्हती.