अखेर गाडीला कंठ फुटला!

लांबच्या प्रवासात ऐंशीच्या पुढं काटा गेला की माझ्या दुचाकीवरची गाणी वाऱ्यातच विरायची. म्हणून आज सकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वायरिंगवाल्या मामांकडं गाडी लावली. नवे स्पीकर आणि छोटा अँप्लिफायर. खोक्यावर '400 वॅट मॅक्स' बघून मी खूश, तर मामा म्हणाले, "त्याला काय चाटायचंय व्हय? आरएमएस बघ, म्हंजे सलग मिळणारी खरी ताकद, ती 50 हाय."

बॅटरीजवळ फ्यूज टाकून जोडणी झाली. चालू केलं, तर गाण्यामागं कुईंऽऽऽ! रेस वाढवली की कुईं पण वर चढतंय. तासभर दोघं डोकं खाजवत बसलो. शेवटी सापडलं: अर्थिंगची वायर रंगावरच आवळलेली! मामांनी पॉलिश पेपरनं चेसिसचा रंग खरवडला, खालचं लोखंड चकाकल्यावर बोल्ट आवळला. कुईं गप्प. (जेवण हुकलं ते हुकलंच, मिसळीवर भागवलं.)

संध्याकाळी पन्हाळ्याला एक फेरी. वाघबीळचा चढ, अंगावर वारा, आणि हेल्मेटमधूनसुद्धा तबल्याची थाप सुट्टी सुट्टी ऐकू येतीय! गावात शिरताना आवाज बारीक केला, तर सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणतोय, "कमी कशाला केलासा? असू दे की!"

नाद खुळा!